पाठवणीची फ्रेंच धून

राजेश्वररावांच्या मुलीची पाठवणी चालली होती. भर दुपारची वेळ. बेल्लमपल्लीत खाणीच्या क्वार्टरांमधल्या मोकळ्या मैदानात मांडव घातला होता आणि माझा सगळा बँड लाल कोटात घामाघूम होऊन एका कडेला उभा होता. मुलगी आईच्या गळ्यात पडली तशी मी क्लॅरनेट तोंडाला लावली आणि आमची नेहमीची पाठवणीची धून सुरू केली. बायकांचे पदर डोळ्यांकडे गेले. हेही नेहमीचंच होतं.

तेवढ्यात पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत बसलेला एक गोरा साहेब उठून उभा राहिला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली आणि मान खाली घातली. गोरा माणूस आणखी पांढरा पडू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं. मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल. पण धून संपेपर्यंत तो तसाच उभा होता, आणि आम्ही थांबलो तेव्हा त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली.

मुलीची गाडी निघून गेली. साहेब राजेश्वररावांना घेऊन सरळ माझ्याकडे आला. राजेश्वरराव कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर. खाणीत त्या सुमारास परदेशी मशिनरी आली होती, तिच्यासोबत फ्रान्समधून आलेले हे मोरो साहेब. दोघांचं रोजचं काम एकत्र, त्यामुळे साहेबाचं इंग्रजी राजेश्वररावांनाच काय ते नीट समजायचं. साहेब बराच वेळ बोलला.

"मास्टरगारू," राजेश्वरराव म्हणाले, "साब पूछ रहे, ये धून तुमको किसने सिखाई?"

"हमारे उस्ताद ने."

साहेब पुन्हा बोलला. ऐकता ऐकता राजेश्वररावांचा चेहरा उतरला. ज्या रस्त्यानं मुलीची गाडी गेली होती त्या रस्त्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"कल गेस्ट हाउस पे आओ," एवढंच ते म्हणाले आणि साहेबाला जेवायला घेऊन गेले.

आता मी कोण ते सांगतो. माझं नाव देवाजी. माझा बाप आसिफाबादकडच्या एका गावात दुसऱ्याच्या वावरात राबायचा. मीही तेच करत राहिलो असतो, पण गावच्या एका वरातीत वहीद उस्तादांचा बँड आला आणि मी त्यांच्या मागे मागे पार पुढच्या गावापर्यंत गेलो. उस्ताद निजामाच्या फौजेच्या बँडात होते. फौज गेली, निजाम गेला, उस्तादांकडे एक क्लॅरनेट राहिली. त्यांनी बेल्लमपल्लीत लग्नाचा बँड काढला. मी आधी झांजा वाजवल्या, मग ढोल, मग क्लॅरनेट. उस्ताद थकल्यावर बँड माझ्याकडे आला. जिल्हा आदिलाबाद, राज्य आंध्र, गिऱ्हाइकं तेलुगू, वाजवणारे अर्धे आम्ही मराठी, आणि बोली सगळ्यांची मिळून एक.

बँडवाल्याचं काम लोकांना सोपं वाटतं. एप्रिल-मेमध्ये कोळशाच्या पट्ट्यात लग्नं असतात आणि त्या उन्हात पितळ इतकं तापतं की ट्रंपेटवाल्याचा ओठ भाजतो. दातांवर सगळा धंदा. पुढचा दात पडला की क्लॅरनेटवाला शेतमजूर होतो. पावसाळा लागला की सगळेच होतात. आमचा युफोनियमवाला चार महिने टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडायचा. गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. एका माणसानं नवी स्कूटर घरी आणायला बँड सांगितला होता आणि स्वतः तिच्यावर न बसता हातानं ढकलत आणली होती, फुलं पडतील म्हणून. रिटायर होणाऱ्या खाणकामगाराला शेवटच्या शिफ्टहून वाजत-गाजत घरी न्यायची तिकडं रीतच आहे. त्यात एक जण खाणीच्या तोंडाशी खाली बसला आणि म्हणाला, वाजवा तुम्ही, मी नाही येत.

पण या धंद्याचा एक कायदा आहे, आणि तो मला उस्तादांनी पहिल्याच महिन्यात शिकवला. लग्नाच्या धुनी वेगळ्या, मयताच्या वेगळ्या. मयताची धून लग्नात चुकूनही वाजता कामा नये. एका वरातीत ढोलवाल्यानं थकून मयताचा ठेका धरला, तर उस्तादांनी चालत्या वरातीत त्याच्या कानाखाली वाजवली होती. आम्ही बौद्ध माणसं. शकुन-अपशकुन मानत नाही. पण हा कायदा मी मानत आलो, कारण तो शकुनाचा नव्हता, इमानाचा होता.

आणि पाठवणीची धून खुद्द उस्तादांची देणगी. ती कोणत्याही सिनेमातली नव्हती, दुसऱ्या कोणत्याही बँडाकडे नव्हती. तेलुगू घरांत मुलीला सासरच्यांच्या हाती सोपवतात त्याला अप्पगिंतलु म्हणतात. त्या वेळी ही धून वाजली नाही तर लोक म्हणायचे, पाठवणी झाल्यासारखी वाटली नाही. मंचिरियाल-आसिफाबादपर्यंत लोक तेवढ्यासाठी आम्हाला बोलवायचे.

दुसऱ्या दिवशी मी गेस्ट हाउसला गेलो. मोरो साहेबानं मला खुर्चीवर बसवलं, चहा सांगितला आणि टेबलावरच्या टेपरेकॉर्डरमध्ये एक कॅसेट घातली. राजेश्वरराव खिडकीपाशी उभे राहिले.

पितळेचा आवाज आला. फार हळू. इतका हळू की पहिले चार सूर माझ्या ध्यानातच आले नाहीत. मग क्लॅरनेट आली आणि मी हातातली बशी खाली ठेवली. आमची धून. सूर न् सूर तोच. आम्ही ती दुप्पट चालीनं वाजवत होतो, मधे मधे मींड घेत होतो, एवढाच फरक. तिकडं तिच्याखाली एकच ढोल होता. ठोका पडला की पाय उचलावा, पुढचा पडला की टेकावा, अशा चालीचा. तो ठेका कशासाठी असतो हे कोणत्याही बँडवाल्याला सांगावं लागत नाही.

"ये मय्यत का है," मी म्हणालो.

राजेश्वररावांनी खिडकीपाशी उभ्या उभ्याच मान हलवली.

मग साहेबानं सांगितलं आणि राजेश्वररावांनी तुकड्या-तुकड्यांनी मला समजावलं. धून बांधणाऱ्याचं नाव ल्युसियाँ वार्नेल. साहेबाच्या आज्याच्या काळातला माणूस. उत्तर फ्रान्समधलं कोळशाचं गाव, बाप खाणीत. चर्चमध्ये मोठा पायपेटीसारखा बाजा असतो, तो वाजवणाऱ्या पाद्र्यानं पोराचा कान ओळखला आणि गावानं त्याला पॅरिसला शिकायला पाठवलं. तिथं त्यानं एक मोठं संगीत नाटक रचलं. पहिल्याच खेळाला लोकांनी शिट्ट्या मारून हुर्यो उडवली, ते परत कधी लागलं नाही. वार्नेल गावी परतला. रविवारी चर्चमध्ये बाजा, आणि बाकीचे दिवस खाणकामगारांच्या बँडचा मास्तर.

"खाणीतल्या लोकांचा बँड?" मी विचारलं.

साहेब हसला. त्यांच्याकडं प्रत्येक खाणीचा आपला बँड असायचा. शिफ्ट संपली की लोक तोंडावरचा कोळसा धुऊन वाजवायला बसायचे. नखात काळं राहायचंच.

वार्नेलनं प्रार्थना रचल्या, पोरांसाठी धडे रचले, बँडसाठी लहान-मोठ्या कितीतरी चिजा बांधल्या. बायको लवकर गेली. एकच मुलगी, एलोदी नावाची. ती सोळा-सतराची झाली आणि तापानं गेली. सुतार शवपेटी करेपर्यंत बापानं ही धून लिहून काढली आणि दुसऱ्या दिवशी बँडनं ती वाजवत मुलीला नेलं. वार्नेल एरवी सगळ्यांच्या पुढं क्लॅरनेट घेऊन चालायचा. त्या दिवशी त्याला फुंकता येईना. म्हणून त्यानं ढोल गळ्यात अडकवला आणि मागून ठोका देत गेला. तेव्हापासून त्या भागात खाणीचा माणूस गेला की हीच धून वाजते. मोरो साहेबाचा बाप कोळशाच्या धुळीनं छाती भरून गेला होता. साहेबानं ती धून शेवटची ऐकली ती बापाच्या पेटीमागं चालताना.

"आन कल सुने," राजेश्वरराव म्हणाले, "मेरी बेटी के पीछे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी हात जोडले. किती मुली मी त्या धुनीवर घराबाहेर काढल्या होत्या? बेल्लमपल्लीत क्वार्टरांच्या प्रत्येक लाइनीत तसं एक तरी घर होतं. त्या मुलींत माझी स्वतःची धाकटी बहीणही होती.

राजेश्वररावांनी ही गोष्ट बायकोलाही सांगितली नाही. पण गेस्ट हाउसचा स्वयंपाकी चहा घेऊन आत-बाहेर करत होता. आठवडाभरात सगळ्या क्वार्टरांत झालं की देवाजी मास्तर लग्नात मुडद्याचं वाजवतो. काही लोक हसले. ठरलेल्या दोन-तीन सुपाऱ्या परत गेल्या. बँडची पोरं मला म्हणाली, "मास्तर, तुमी काऊन घाबरून राह्यले? कोणाले काय कळते त्यातलं?"

मग पोशम आला. खाणीत छताला लाकडाचे टेकू देणारा कामगार, अंगानं दांडगा. त्याच्या मुलीच्या, लच्चव्वाच्या लग्नात आम्ही वाजवलं होतं, आणि वर्ष सरायच्या आत ती बाळंतपणात गेली होती. बँडच्या खोलीत येऊन तो ढोलाशेजारी जमिनीवर बसला. आमची पोरं भिंतीला लागून उभी राहिली. मला वाटलं, हा आता काहीतरी फोडणार, नाहीतर मला धरणार.

"लच्चव्वा की शादी में वोईच बजाए थे?" त्यानं विचारलं.

"हां."

त्यानं ढोलाच्या कातड्यावरून पंजा फिरवला.

"उसकू मालूम पड़ा होगा क्या?"

मी म्हणालो, "नहीं पोशम. हमकूच मालूम नहीं था."

"जाते बखत भोत रोई थी," तो म्हणाला. "इतना कोई नहीं रोता." आणि उठून गेला.

धुनीनं माणूस मरत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे. पण त्याच्या प्रश्नाला धरून दुसरा प्रश्न माझ्या मनात शिरला तो निघेना. आम्हाला माहीत नव्हतं. उस्तादांना माहीत होतं का?

उस्ताद तेव्हा निर्मलला पुतण्याकडं राहत. पुतण्या लाकडी खेळण्यांना रंग द्यायचा. मी गेलो तेव्हा उस्ताद ओसरीवर, ओळीनं वाळत ठेवलेल्या लाकडी आंब्या-सीताफळांच्या पलीकडं बसले होते. नजर अधू झाली होती, कान शाबूत होते. पावलांवरून त्यांनी मला ओळखलं. मी खाली बसलो आणि झालेलं सगळं सांगितलं. फ्रान्स, वार्नेल, एलोदी, सगळं. नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. फौजेत ही धून शिकवणारा त्यांचा गोरा बँडमास्टर तिला नुसतं 'स्लो मार्च' म्हणायचा.

"मय्यत का था, आपको मालूम था?" मी विचारलं.

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. तेवढ्याचसाठी मी बसचा एवढा प्रवास करून आलो होतो.

"मालूम था," उस्ताद म्हणाले. "फौज में सिपाही मरे तो वोईच बजाते थे."

ज्या माणसानं चालत्या वरातीत ढोलवाल्याला थोबाडलं होतं, तोच हे म्हणत होता. "फिर कायकू बजाए उस्ताद?"

त्यांनी हातातली काठी बाजूला ठेवली. त्यांना एक मुलगी होती, जुबैदा, हे मला माहीत होतं. नांदेडकडं दिली होती आणि फार दिवसांपूर्वी वारली होती, एवढंच. उस्तादांनी त्या दिवशी बाकीचं सांगितलं. फौज मोडली होती, घरात काही नव्हतं. मोठ्या भावानं जुबैदाचा निकाह आपल्याच वयाच्या एका बागवानाशी ठरवला. पोरगी चौदाची. भावापुढं बोलायची उस्तादांची टाप नव्हती. पोरगी तीन दिवस जेवली नाही.

"रुख्सती के बखत भाई बोले, वहीद, बजाव," उस्ताद म्हणाले. "मेरेकू मालूम था मैं क्या कर रहूँ. मुँह से बोल नै सका. तो जो बजाना था वो बजाया. किसीकू समझा नै. सब औरताँ रोए, बोले क्या बिदाई बजाया. दूसरे हफ्ते दूसरे लोगाँ आके वोईच माँगे."

"आन जुबैदा?"

"उन्ने समझी," ते म्हणाले. "फौजी की बेटी थी. उन्ने मय्यत का बाजा पहचानती थी. गाड़ी में बैठके मेरेकू देखी." काठी पुन्हा हातात घेत म्हणाले, "फिर कभी घर नै आई. मैं बुलाया, नै आई."

आत पुतण्याच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं. मी उस्तादांचे पाय धरायला वाकलो आणि तसाच थांबलो. पाय धरावेत की नाही तेच मला कळेना. शेवटी धरले.

निर्मलहून परतीच्या बसमध्ये मला सगळा वेळ एकच दिसत होतं. माझी मुलगी वैशाली. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न व्हायचं ठरलं होतं. मुलगा मंडल ऑफिसात, म्हणजे तिकडच्या तहसिलीत, क्लार्क, घर आमच्याच समाजातलं, माणसं भली. सगळं माझ्या मेव्हण्यानं जुळवलं होतं. वैशालीची बारावी झाली होती. आम्ही तिला मुलगा दाखवला होता, तिनं चहा आणून दिला होता, मान खाली घालून आत गेली होती. पसंत आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

घरी पोचलो तर माझी बायको सुमन तांदूळ निवडत होती. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या पोरीच्या लग्नात ते वाजवू नका बरं, अवो. दुसरं काईबी वाजवा."

"धुनीचं नाई म्हणून राह्यलो मी," मी म्हणालो आणि वैशालीला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली.

"बेटा, हे लग्न तुले करायचं हाय का?"

तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मग आईकडं बघितलं.

"आता विचारून राह्यले, बाबा?"

एवढंच. सुमनच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"मग तू बोलली काऊन नाई?" सुमन म्हणाली.

"मामानं हो म्हटलं, तुमी हो म्हटलं, पत्रिकेचा मजकूर ठरला. माह्यापर्यंत कोणी आलंच नाई." ती रडत नव्हती. "मले आदिलाबादले टीचर ट्रेनिंगले जायचं हाय. फॉर्म भरला हाय मी. त्या पोराचं काई वाईट नाई. पण मले नाई करायचं."

तीच मुलगी, रोज आमच्यासमोर जेवणारी, शाळेतल्या गोष्टी सांगणारी. ती मनात हे घेऊन घरात वावरत होती आणि मी लोकांच्या मुलींची पाठवणी वाजवत गावोगाव फिरत होतो.

लग्न मोडलं. मेव्हणा वर्षभर आमच्या दारात आला नाही. मुलाच्या वडिलांकडं मी स्वतः गेलो. ते म्हणाले, "मास्तर, आधी विचारलं असतं तर आमची बी बेइज्जती झाली नसती." त्यांचं बरोबर होतं. त्या मुलाचं पुढच्याच वर्षी दुसरीकडं लग्न झालं आणि त्याचा संसार चांगला चालला आहे. वैशाली ट्रेनिंगला गेली, आणि पुढं इंद्रवेल्लीच्या बाजूला एका आश्रमशाळेत मास्तरीण झाली.

धुनीचं म्हणाल तर मी ती बंद केली. मोरो साहेब जाताना ती कॅसेट मला देऊन गेला. तिच्या दुसऱ्या बाजूला वार्नेलच्या नाचाच्या धुनी होत्या. साहेब म्हणाला होता, मुलगी गेल्यानंतर त्यानं जास्त करून नाचच बांधले. मी विचारलं होतं, असं कसं? साहेबानं खांदे उडवले होते. गावात लग्नं होतच होती, आणि बँड त्याचाच होता. त्यातला एक नाच आम्ही महिनाभर खपून बसवला. हलका, गिरक्या घेणारा, ऐकताना पाय आपोआप हलावेत असा. पाठवणीला आम्ही तो वाजवायला लागलो, पण लोकांना तो काही रुचला नाही. मुलगी रडून राह्यली आन तुमी हे काय लावलं, म्हणायचे. मग ते जुनीच मागायचे. मी खरं सांगायचो, ही मयताची धून आहे, एका बापानं मेलेल्या मुलीसाठी बांधलेली. निम्मे मग आग्रह सोडायचे. पण एक बाप, वरंगलकडचा फोरमन, सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "तो भी वोईच बजाओ." मी वाजवली नाही. तो दुसरा बँड घेऊन आला. त्या बँडनं तीच वाजवली. आमच्याकडूनच ऐकून उचलली होती. आता ती कोळशाच्या सगळ्या पट्ट्यात वाजते, आणि ती थांबवणं माझ्या हातात नाही.

वैशालीनं तिशी उलटल्यावर लग्न केलं. मुलगा तिच्याच शाळेतला मास्तर, तिनंच पसंत केलेला. मंचिरियालला रजिस्टर ऑफिसात. तिनं आधी फोन करून तारीख सांगितली, आईनं काय आणायचं ते सांगितलं आणि मग म्हणाली, "बाबा, बँड आणू नका."

"नाई आणत," मी म्हणालो.

ऑफिसात पंखा फिरत होता. आमच्या पुढं आणखी एक जोडपं होतं. वैशालीनं सही केली, जावयानं केली, कारकुनानं शिक्का मारला. दोघं आमच्या पाया पडली आणि हसत हसत बाहेरच्या रिक्षाकडं निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका लग्नात नुसता बाप म्हणून उभा होतो, आणि हात कुठं ठेवावेत ते मला कळत नव्हतं.